पिवळं कपाट

परबकाका कुणाच्याही घरी गेले, की बसण्याआधी खुर्चीच्या पाठीवर बोटाचं पेर वाजवायचे. टक् टक्. मान किंचित तिरकी करून ऐकायचे आणि मगच टेकायचे. एकुलत्या एका मुलाच्या, प्रवीणच्या, लग्नात व्याह्यांनी पांढरं चकचकीत कपाट दिलं होतं. सगळी मंडळी कौतुकाने भोवती उभी होती. काका पुढे झाले, टक् टक् केलं आणि म्हणाले, "पोकळ हा." व्याही पडेल चेहऱ्याने हसले. काकूंनी पदराआडून असा चिमटा काढला की काका सोहळा संपेपर्यंत दंड चोळत होते.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. मनोहर परब हे पूर्ण नाव, पण ते फक्त पाटीवर. तरुणपणी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर सांताक्रूझच्या एका पॉलिशवाल्याच्या हाताखाली गेले आणि पुढे चाळीस वर्षं जुन्या लाकडी फर्निचरला लाखेचं पॉलिश करत राहिले. रोज परतताना अंगाला स्पिरिटचा वास असायचा. लिफ्टमध्ये नवीन माणूस असला तर तो नाक मुरडायचा. काका म्हणायचे, "घाबरू नका, प्यालेलो नाय. लाकडाक पाजून इलंय." आमच्याशी ते मुंबईचंच मराठी बोलायचे, पण रागावले किंवा मन भरून आलं की मालवणीवर उतरायचे.

त्यांचा एकच हट्ट होता. जुन्या लाकडाला रंग लावायचा नाही.

माझ्या आईचं एक टेबल होतं, सागवानी, दोन खणांचं. आई गेल्यावर ते माझ्याकडे आलं. फोनवरचे व्हिडिओ बघून बघून मला ते पांढरं करायचं होतं, वर निळ्या मुठी. डबा आणला, ब्रश आणला, वर्तमानपत्रं पसरली. दार उघडं होतं. काका उंबऱ्यात येऊन थांबले.

"कित्याक?" त्यांनी विचारलं.

"घर अंधारं वाटतं हो काका. जरा उजळ दिसेल."

ते आत आले, एक खण बाहेर काढून त्यांनी उलटा केला आणि तळ माझ्या नाकाशी धरला. "वास घे." मी घेतला. कापूर, पेन्सिली आणि आईची जुनी औषधं, सगळं एकत्र. माझे डोळे भरले.

"हां," काका म्हणाले. "अंधार ट्यूबलाईटने जातो गो मंजू. माका आठ दिवस दी."

आठव्या दिवशी टेबल परत आलं. मी लहानपणी बोटाने गिरवायचे त्या रेषा पुन्हा वर आल्या होत्या. एका कोपऱ्यात शाईचा डाग होता. तो का काढला नाही, असं विचारलं तर म्हणाले, "तो डाग नाय, तुझ्या आयशीची सही हा." रंगाचा डबा त्यांनीच नेला आणि तो रंग सोसायटीच्या गेटला लावून टाकला.

वर्सोव्याच्या एका फ्लॅटमधली गोष्ट मला त्यांच्या बरोबरच्या सुताराने सांगितली. घरमालकीणबाईंच्या सासूचा शिसवी झोपाळा होता. बाईंना तो फिरोजी रंगात हवा होता, सगळ्या घराला तीच थीम म्हणून. काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग झोपाळ्यावरून एकदा हात फिरवला आणि पिशवी भरायला लागले.

"अहो काका, घर माझं आहे ना?" बाई म्हणाल्या.

"घर तुमचं, झोपाळो तुमचो," काका म्हणाले. "पण हात माझे हत."

आणि निघून आले. वर्सोव्याहून मुलुंड, दुपारच्या उन्हात, हातात तशीच भरलेली पिशवी. काकूंनी विचारलं, लवकर कसे? तर म्हणाले, "काम झाला."

या सगळ्यात शालनकाकू कुठे होत्या, तर सकाळच्या वेळी फडकं घेऊन कपाटासमोर. त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू काकांनी कुठून ना कुठून सोडवून आणलेली. चार खुर्च्या, एक टेबल, एक पलंग आणि ते कपाट. सांताक्रूझचा एक बंगला पाडणार होते, तिथलं हे सागवानी कपाट भंगारात निघालं होतं. काकांनी ते हातगाडीवर घालून आणलं. उजव्या दाराला आरसा, डावं दार नुसतं लाकडाचं. त्या डाव्या दारावर रेषा अशा काही उतरल्या होत्या, की बघत राहावं. काकू काकांच्या जुन्या बनियनच्या मऊ फडक्याने ते रोज पुसायच्या आणि सोसायटीच्या पोरांना गोळा करून दाखवायच्या, "हो बघ म्हातारो. हो तेचो नाक. ही तेची होडी. आता खय चाललो सांगा बघू?" पोरं रोज नवीन ठिकाण सांगायची. काकू रोज मान डोलवायच्या.

काकूंचं विसरणं सुरू झालं तेव्हा आधी आम्ही हसायचो. मीठ दोनदा, चहात साखर नाहीच. मग एकदा त्या खाली गेटवर उभ्या राहून वॉचमनला विचारत होत्या, की परबांकडे कसं जायचं. मग हसणं थांबलं. काकांनी काम सोडलं. पॉलिशची पिशवी माळ्यावर गेली.

घरी एक थेरपिस्ट मुलगी यायला लागली. हुशार, गोड बोलणारी. दोन-तीन वेळा येऊन तिने सगळं नीट बघितलं आणि एके दिवशी मला आणि काकांना बाजूला घेतलं.

"काका, एक सांगू? तुमची फरशी तपकिरी, फर्निचर तपकिरी, मोरीचं दार तपकिरी. काकूंना खुर्ची कुठे संपते आणि फरशी कुठे सुरू होते ते कळतच नाहीये. परवा त्या मोरी समजून कपाट उघडून उभ्या होत्या, तुम्हीच सांगितलंत ना? सगळं रंगवून टाका. भडक रंग. पिवळा. लांबून दिसला पाहिजे."

ती गेल्यावर काका म्हणाले, "पोरगी चांगली हा. पण लाकडातला काय कळता तिका?"

"ती लाकडाचं कुठे बोलतेय काका?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

त्यांनी त्यांच्या परीने मार्ग काढला. खुर्च्यांच्या हातांना पिवळ्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या. मोरीच्या दारावर लाल टॉवेल अडकवला. कपाटावर चादर सोडली. काकूंना ते सगळं धुवायचे कपडे वाटायचे. काकांची पाठ वळली, की त्या पट्ट्या सोडायच्या, टॉवेल काढायच्या, चादर ओढायच्या, सगळ्याची नीट घडी घालून बादलीत ठेवायच्या. काका पुन्हा बांधायचे. असे दोन महिने गेले. मी रोज ऑफिसला निघताना दारातून बघायचे, कधी पट्ट्या असायच्या, कधी नसायच्या.

ज्या दिवशी नव्हत्या, अशा एका सकाळी काकू खुर्चीत बसायला गेल्या. खुर्ची वीतभर बाजूला होती. त्या नुसत्या हवेत बसल्या.

तो आवाज मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकला. धावत गेले तेव्हा काकू जमिनीवर होत्या, आणि काका त्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका हॉस्पिटलमधून एकटेच परतले आणि माझी बेल वाजवली.

"माझ्याबरोबर रंगाच्या दुकानात येशील?"

दुकानात त्यांनी रंगांचं पुस्तक हातात घेतलं आणि तसंच मला दिलं. चाळीस वर्षं त्या दुकानातून ते लाख आणि स्पिरिट न्यायचे. दुकानदार ओळखीचा. तो गमतीने म्हणाला, "काय परबशेठ, तुम्ही आणि ऑइल पेंट? सूर्य कुठे उगवला आज?" काका म्हणाले, "पिवळो दाखव. आसा त्यातलो सगळ्यात भडक." दुकानदाराने डबा काढून पुढे ठेवला.

काकू हॉस्पिटलमध्ये होत्या ते सहा दिवस काकांनी रंग लावला. दिवसा प्रवीण हॉस्पिटलमध्ये थांबायचा, संध्याकाळी काका जायचे. मला वाटलं होतं, ते कसंबसं उरकतील. पण नाही. आधी पॉलिशपेपर मारला, भेगा लांबीने बुजवल्या, अस्तर दिलं, आणि वर तीन हात. खुर्च्यांचे पाय खालून रंगवले. कपाटाची दारं आतून-बाहेरून रंगवली. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते कपाटाच्या डाव्या दारासमोर उभे होते. ते दार अजून तसंच होतं, ब्रश अस्तराने भरलेला होता. एक थेंब त्यांच्या पायावर पडला, मग दुसरा. मी आल्याचं त्यांना कळलं असावं.

"दोन महिने आधी लावलो असतो तर ती पडली नसती गो," ते दाराकडे बघतच म्हणाले. "माका लाकूड दिसला. ती नाय दिसली."

मग त्यांनी ब्रश टेकवला आणि वरून खाली, एकाच हाताने, सरळ पट्टा ओढला. म्हातारा, नाक, होडी. सगळं गेलं. मी चहा तिथेच ठेवून घरी आले.

काकूंना घरी आणलं तेव्हा आम्ही सगळे दारात होतो. वॉकर धरून त्या आत आल्या, थांबल्या, चहूकडे बघितलं.

"ह्या कोणाचा घर?" त्यांनी विचारलं.

"आपला," काका म्हणाले.

काकू नम्रपणे हसल्या. परक्याच्या घरी माणूस हसतं तसं. आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या.

रंगाचा उपयोग झाला. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण ती मुलगी चुकली नव्हती. काकूंना खुर्ची बरोबर दिसायची, पलंग दिसायचा, त्या एकदाही कशाला धडकल्या नाहीत. पंधरा दिवसांत वॉकरवर मोरीपर्यंत जायला लागल्या. पण ज्या घरात त्या इतक्या सुखरूप चालत होत्या, ते त्यांचं घर नव्हतं. आणि त्या घरात राहणारा म्हातारा माणूस त्यांचा कोणी नव्हता. आधी काकूंना काका कधी ओळखू यायचे, कधी नाही. रंगानंतर ते अजिबातच ओळखू येईनासे झाले. आजार वाढला होता, ऑपरेशनने माणूस खचतं, थेरपिस्टनेही तेच समजावलं. काकांनी मान हलवली. पण त्यांनी ते स्वीकारलं नव्हतं.

एका दुपारी मी मऊ भात घेऊन गेले होते. काका भरवत होते. काकू मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही किती करतास हो माझा. तुमचा नाव काय?"

"मनोहर," काका म्हणाले.

काकूंनी पदर तोंडावर घेतला आणि नवी नवरी हसेल तशा हसल्या. "अगो बाई! आमच्या ह्यांचा पण ताच. मनोहर." पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा 'परबांचे चिरंजीव' म्हणून वेळ मारून नेली होती, असं काकाच सांगायचे. आता नाव घेतलं, ते परक्या माणसाजवळ.

"कसे आहेत तुमचे हे?" काकांनी विचारलं.

"बरे हत. तापट हत जरा." मग त्या पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमका एक सांगू? राग मानू नका. तुम्ही ह्या सगळा लाकूड रंगवून टाकलात. आमचे हे लाकडाक कधी रंग लावणत नाय. ते माका न्हेऊक येतले ना, तेव्हा तुमका रागावतले."

काकांनी पुढचा घास उचलला. "रागावू देत," ते म्हणाले. "चुकलाच माझा."

"कधी येतले?"

"येतील. खा आता."

त्या संध्याकाळी प्रवीण आला होता. काका आम्हा दोघांना म्हणाले, "मी रंग काढतंय."

"बाबा, वेड लागलंय का?" प्रवीण ओरडला. "आई पुन्हा पडली म्हणजे? आत्ता कुठे नीट चालतेय!"

"ती नीट चालता, पण घराबाहेर चालता रे. रोज माका विचारता, घराक कधी सोडतलास. मी काय सांगू?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "मंजू, तू सांग. ठेवू काय काढू?"

माझ्या आईच्या टेबलाचा निर्णय त्यांनी एका क्षणात घेतला होता. मला त्यांच्यासाठी एक शब्द बोलता आला नाही. "मला नाही कळत काका," एवढंच मी म्हटलं. आजही मला त्याची बोच आहे. काहीतरी एक बोलायला हवं होतं. चूक झाली असती तर वाटून घेता आली असती.

शेवटी त्यांनी एकट्यानेच ठरवलं. खुर्च्या, टेबल, पलंग तसेच राहतील. फक्त कपाटाचं डावं दार, जे पलंगावरून काकूंना समोर दिसायचं, तेवढं मोकळं करायचं. रंग काढायच्या औषधाने काकूंना खोकला आला असता, मशीनच्या आवाजाने त्या दचकल्या असत्या. म्हणून काकांनी काचेचा तुकडा घेतला. दारापुढे स्टुलावर बसून ते रोज थोडं थोडं खरवडायचे. खर्र, खर्र. काकू पडल्या पडल्या बघत राहायच्या. पिवळे कपचे फरशीवर पडायचे. तीन हातांचा रंग आणि अस्तर, तेही त्यांच्याच हातचं, पक्कं. "मेल्यान कसलो घट्ट लावलो हा," ते स्वतःलाच शिव्या द्यायचे. तीन आठवडे लागले. मग माळ्यावरची पिशवी उतरली, आणि बऱ्याच महिन्यांनी आमच्या मजल्यावर पुन्हा स्पिरिटचा वास आला.

शेवटच्या हाताच्या वेळी मी तिथे होते. काकूंनी उठून बसायचं म्हटलं. मी आधार दिला. त्या वॉकर घेऊन दारापाशी आल्या आणि त्यांनी ओलसर पॉलिशवर सरळ तळवा ठेवला. ताज्या पॉलिशला कुणी बोट लावलं तर काका एरवी घर डोक्यावर घेत. आता ते हलले नाहीत.

काकूंनी हात फिरवला. मग मान वळवून काकांकडे बघितलं.

"इल्यात?" त्या म्हणाल्या. आणि एकदम चिडल्या. "इतको उशीर? माका ह्या लोकांच्या घरात ठेवून खय गेल्यात तुम्ही?"

काकांच्या हातातली पॉलिश लावायची कापडाची पुरचुंडी खाली पडली. "कामाक गेल्लंय गो," ते म्हणाले. "संपलाच नाय काम."

"बरा झाला इल्यात." काकूंनी त्यांच्या शर्टाची बाही धरली. "चला आता. घराक जाऊया."

काकांनी खोलीभर बघितलं. पिवळ्या खुर्च्या, पिवळं टेबल, पिवळा पलंग.

"जाऊया," ते म्हणाले. "ऊन जरा उतरू दे."

काकूंना ते पटलं. बाही तशीच धरून त्या पलंगावर आडव्या झाल्या आणि झोपल्या. काका वाकलेल्या अवस्थेत तसेच उभे राहिले. मी स्टूल सरकवलं तेव्हा बसले. पॉलिशवर काकूंचा तळवा उमटला होता, पाची बोटं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकांना पुन्हा नाव विचारलं.

बारा दिवसांनी, दुपारच्या झोपेतच काकू गेल्या.

काका एकटे राहू शकणार नव्हते. प्रवीण त्यांना कांदिवलीला घेऊन जाणार होता. त्याच्या घरात जागा नव्हती, म्हणून जुनं फर्निचर घेणारा एक तरुण दुकानदार बोलावला. तो पोरगा जाणकार होता. कपाटाभोवती फिरला, वाकला, आतून बघितलं. "काका, काय सागवान आहे! पण हे असं अर्धं पिवळं, अर्धं लाकडी कसं? तुम्ही तर पॉलिशमधले माणूस. तुम्हीच सांगा, पूर्ण रंगवून घेऊ की पूर्ण खरवडू?"

मी काकांकडे बघितलं. वर्सोव्याच्या फ्लॅटमधून पिशवी भरून निघून आलेला माणूस.

"तुम्ही ठरवा," काका म्हणाले. "माझ्याच्यान आता ठरवूक होऊचा नाय."

मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला आणि डावं दार बिजागऱ्यांतून सोडवलं. तेवढं द्यायचं नाही, म्हणाले. दुकानदाराने दुसरं दार बसवून घेईन म्हटलं आणि उरलेलं सगळं टेम्पोत चढवलं.

काकांसाठी रिक्षा बोलावली होती. दार टॅक्सीने मागून आणतो, असं प्रवीण परोपरीने सांगत होता. काका ऐकेनात. ते आत बसले आणि दार आडवं करून, त्याची कड मांडीवर टेकवून उभं धरलं. दोन्ही बाजूंनी ते बाहेर आलं होतं. रिक्षावाला कुरकुरला, "चाचा, पुलिस पकडेगा." मग त्याने रिक्षा सुरू केली.

मी वाकून म्हटलं, "येते काका भेटायला." दाराच्या मागे त्यांचा चेहरा दिसत नव्हता. पॉलिशची बाजू त्यांनी स्वतःकडे केली होती. आमच्याकडे होती ती आतली बाजू, त्यांनीच तेव्हा नीट रंगवलेली, भडक पिवळी, आणि वरच्या कडेवर घट्ट आवळलेली त्यांची आठ बोटं.